तीन मिनिटं बारा सेकंद

शनिवारी मी नारीनला उतरते,
भाच्याच्या मोबाइल-दुरुस्तीच्या टपरीत स्टुलावर बसते
आणि आठवडाभराचं शिकवणं उतरवून घेते:
पेशी, कोन, दोन नकाशे,
आणि देवमाशाचं गाणं,
ते मुलांसाठी नाही, माझ्यासाठी.
सगळं मावतं नखाएवढ्या कार्डात.
कार्ड रुमालाच्या गाठीत बांधते
आणि मार्श्रुत्काच्या मागच्या सीटवर
पिठाच्या पोत्याला टेकून घरी येते.

गाव उंचावर. तिथे इंटरनेट वाऱ्यासारखं येतं,
कुठून ते कळत नाही, आणि आलं की धांदल.
खात्याने दिलेला प्रोजेक्टर अकरानंतर तापतो,
म्हणून त्याला खिडकीच्या फटीशी ठेवते.
बाहेरचे उणे वीस अंश
वर्गात फक्त त्यालाच मानवतात.

त्या मंगळवारी हृदय होतं.
टपरीत अर्धंच उतरलेलं,
म्हटलं, उरलेलं गावात येईल.
पडद्यावर लाल, चकचकीत,
कधी थंडी न बघितलेलं हृदय,
त्यावर रशियनमधला एक गोड आवाज,
आणि झडप उघडणार इतक्यात,
तीन मिनिटं बारा सेकंदांवर,
ते चक्र गोल गोल फिरायला लागलं.
तेवीस मुलं त्याच्याकडे बघत राहिली
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.
शेवटी मी फळ्यावर काढलं.
माझं हृदय बटाट्यासारखं आलं.
आयजार्किन म्हणाली, एजे, बटाट्यात रक्त कुठून जातं?

बुधवारी तिलेक उशिरा आला.
कोटाच्या आत वर्तमानपत्राची पुरचुंडी.
'काल पाहुणे होते,' इतकंच म्हणाला.
मेंढीचं हृदय. कोमट होतं.
अजून होतं, की त्याच्या छातीशी राहून झालं होतं,
ते मी विचारलं नाही.

पाव कापायची सुरी घेतली.
पुस्तकातलं सगळं त्यात होतं,
फक्त पुस्तकाला वास नसतो.
दोघी बाहेर गेल्या, एक परत आली.
कप्प्यात पाणी ओतलं, तिलेकने हलकेच दाबलं,
आणि कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ काहीतरी
फुगलं, मिटलं.
एक थेंब मागे आला नाही.
'कापकाक!' मागून कुणीतरी ओरडलं.
कापकाक म्हणजे झाकण, मटणाच्या कढईवरचं.
रशियन आवाज त्याला काय म्हणणार होता कोण जाणे,
आमच्या शाळेत तेव्हापासून
हृदयाला चार झाकणं आहेत.

गुरुवारी दुपारी कसं कोण जाणे, नेट आलं.
चक्र थांबलं, पडद्यावरची झडप उघडली.
मुलांनी बारकाईने पाहिलं
आणि म्हणाली, बरोबर आहे.
त्या आवाजाला पास केलं.

नुरझामालने बुधवारचं सगळं माझ्या फोनवर टिपलं होतं.
हात हलतो, अर्धा वेळ माझी कोपरं दिसतात,
मध्येच बाहेर घोडा खिंकाळतो.
तरी रात्री टेकाडावर गेले,
फोन डोक्यावर धरून पाठवलं
डोंगरापलीकडच्या तीन शाळांना.
सत्तेचाळीस टक्के. बराच वेळ सत्तेचाळीस.
मग एकसष्ट.
बोटं माझी आहेत हे विसरल्यावर केव्हातरी पोचलं.

महिन्याने फोन आला, अर्धी खरखर.
पलीकडच्या शाळेतले तुर्गुनबेक मास्तर,
आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.
'झूरा एजे, तुमचं हृदय नीट पोचलं.
पण पोरं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मागे न्यायला लावतात.'
झाकण मिटतं तिथे? मी हरखून विचारलं.
'नाही हो, घोडा खिंकाळतो तिथे.
आमच्या खिडकीबाहेर एक बांधलेला असतो.
तो दर वेळी उत्तर देतो.'