सुपडूचं स्पेलिंग

रुजू झाले त्या दिवशी निकुंभ साहेबांनी
किल्ल्यांचा जुडगा दिला, रजेच्या अर्जांचं बाड दिलं
आणि म्हणाले, बाकी सगळं ऑनलाइन असतं हल्ली.
मग ते निवृत्त होऊन धरणगावला गेले.
दुपारी फोन उचलत नाहीत.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना.
एकशे बारा माणसं, तीन पाळ्या,
दारावर नवी पाटी : मनुष्यबळ विभाग.
विभाग म्हणजे मी, एक पंखा
आणि मे महिन्यात तापाने फणफणलेला कॉम्प्युटर.

मी रात्री शिकते,
गच्चीवर, टाकीला टेकून, तिथेच रेंज येते.
भविष्य निर्वाह निधीच्या साइटवर
आधी प्रश्नोत्तरं वाचायची, मग नियम,
हे कळायला महिना गेला.
कायदा राजपत्रातूनच उतरवून घ्यायचा.
कुणी तोंडी सांगितलेला कायदा
वांग्याच्या भरितासारखा,
घरागणिक वेगळा, आणि ज्याला त्याला आपलाच खरा.

इंदूरचा कोणी मास्तर व्हिडिओत पगारपत्रक शिकवतो.
त्याच्यामागे कुकर शिट्ट्या देत असतो.
तिसऱ्या शिट्टीला मला ग्रॅच्युइटी समजली.
एका फुकट कोर्सने प्रमाणपत्रही दिलं,
विषय : अवघड संभाषणे.
छापायला दहा रुपये पडले.

मग आला सुपडू ओंकार भोई,
लूम नंबर सहा, एकवीस वर्षं नोकरी.
मुलीच्या लग्नाला पैसे काढायचे
आणि पडदा म्हणतो, नाव जुळत नाही.
आधारवर पी आणि डीच्या मध्ये एक ए आहे.
आमच्या दप्तरात नाही.

बदलाचं कारण लिहा. शंभर अक्षरांत.

खरं कोणतं, दादा?
"ताई, मन्हा पहिला दोन भाऊ गयात.
मंग मायनी माले सुपडामा टाकं,
पायलीभर जवारीवर शेजारनीले इकी टाकं,
म्हने, हाऊ मन्हा नहीच.
तो ए कोनी टाका, माले काय ठाऊक!"

मरणाला चकवायला ठेवलेलं नाव
सर्व्हरलाही चकवत होतं.

ओटीपी जायचा सुरतेला, पोराच्या फोनवर.
तो डाइंग मिलमध्ये, फोन गेटवरच्या खोक्यात.
चार वेळा मुदत टळली.
पाचव्यांदा मशीनच्या घरघरीवर चढून
तो एकेक आकडा ओरडला,
आणि सुपडूदादा माझ्या टेबलाशी उभा,
प्रत्येक आकड्याला मान हलवत,
जणू पोरगा त्यालाच काही सांगतोय.

कारणाच्या चौकटीत मी लिहिलं : लेखनातील चूक.
तसंच लिहायचं असतं, मास्तरांनी सांगितलंय.
तरी 'चूक' टाइप करताना बोट अडलं.

जुडग्यातली एक किल्ली अजून कुठेच लागत नाही.
हजेरीच्या वहीमागे मी लिहीत असते,
माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी :
साइट सकाळी सातच्या आत बरी चालते.
उतरवलेल्या फायलीला तारीख घाला, नियम बदलतात.
इंदूरचा मास्तर, भाग चार, नक्की बघा.
माणूस आला की आधी खुर्ची द्या.
मग नाव. मग स्पेलिंग.

अर्ज 'प्रक्रियेत' आहे, सतरा दिवस झाले.
पाळी सुटली की सुपडूदादा
डबा हातात घेऊन दारातूनच विचारतो,
"बसना का तो ए?"