पाच देनार

एका देनारवर मेंढ्या राखणारा कुत्रा असतो,
दोनवर तळ्यातला मासा.
कुत्रा दारात भुंकतो, मासा ताटात येतो.
पाचावरचं जनावर मात्र
वेलिकाच्या दुकानात येणाऱ्या कुणीच
जिवंत पाहिलेलं नाही.
रिस म्हणतात इथं त्याला. लिंक्स.
कानांच्या टोकांना काळे झुबके,
शेपूट अर्ध्यातच आवरतं घेतलेलं.
त्याच्या बदल्यात एक काडेपेटी येते.

स्पासेनं पाहिलाय.
शहात्तर साली, बंदुकीच्या माशीवरून.
तो अजून खानावळीत उभा आहे, भुसा भरलेला,
फळीवर, राकियाच्या बाटल्यांना खेटून.
एक डोळा काचेचा, दुसरा कुणाच्या तरी कोटाचं बटण.
पोरांनी हात लावून लावून
झुबके झिजवलेत.
"वीस वर्षांचा होतो," स्पासे म्हणतो,
आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागतो.
नाडी सुटलेली नसते.

आता तो माझ्याबरोबर कॅमेरे बांधतो.
बीचच्या खोडांना, गुडघ्याच्या उंचीवर,
पायवाटेच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर,
कारण रिसच्या डाव्या कुशीवरचे ठिपके
उजव्या कुशीवर नसतात
आणि ठिपके हेच त्याचं नावगाव.

"इथं नको. तो इथून यायचा नाही.
त्या खडकावरून येईल, खडकावर मुतेल,
मग थोडा वेळ खाली बघत राहील."
तुला कसं ठाऊक?
"मी इथंच बसलो होतो."

हिवाळाभर कार्डात काय काय आलं:
रानडुकरं. कोल्हा. पुन्हा तोच कोल्हा.
चोरून लाकूड नेणारे दोघं, खेचरासकट,
त्यातला एक स्पासेचा भाचा
(तो फोटो आम्ही दोघांनीही पाहिला नाही).
आमचेच पाय, जाताना. आमचेच पाय, येताना.
फांदी हलली म्हणून नऊ हजार वेळा
नुसतं जंगल.

मग तीन मार्च, पहाटे चार सतरा.
डावी कूस.
मागच्या पायाचा पंजा बर्फावर असा टेकलेला
की बर्फाला कळूही नये.
समोरच्या कॅमेऱ्याची बॅटरी थंडीनं मेलेली.
बारा मार्च, पलीकडची खिंड.
उजवी कूस.
आणि डावीकडल्या भिंगावर बोटभर हिम.

आता वहीत काय लिहू?
एकच असेल तर तो नऊ दिवसांत
एक अख्खा डोंगर ओलांडून गेला,
कुणी ओ देतंय का बघत.
दोन असतील तर
त्यांची गाठ पडली का?
पडली, आणि त्यातली एक मादी निघाली,
तर मे अखेरीस त्या खडकांच्या कपारीत
मिटल्या डोळ्यांची दोन पिल्लं.
एवढ्या "तर"वर मी रात्री झोपते.
स्कोप्येच्या कचेरीतल्या तक्त्यात
एकाच आकड्यापुरता चौकोन आहे.
मी लिहिलं: किमान एक.
"किमान" चौकोनाबाहेर गेलं.

वेलिकाच्या गल्ल्यापाशी
स्पासेनं खिसा उपडा केला, नाणी पसरली,
पाचाची वेगळी काढली, मोजली. सात.
"अख्ख्या बिस्ट्रावर आहेत
त्याहून माझ्या खिशात जास्त,"
तो म्हणाला. वेलिका हसली.
मग तो कुत्रे आणि मासे मोजत बसला,
एकेक, दोनदोन,
मागं माणसं खोळंबलेली.
"अरे, पाचाची दे की," ती म्हणाली,
"संध्याकाळ होईल."
तो मोजतच राहिला.

आज पुन्हा चढतोय.
बर्फ वरून कडक, आतून पोकळ,
पाय मांडीपर्यंत जातो.
स्पासे पुढं, सत्तरीला टेकलेला,
दर वीस पावलांवर थांबून धापा टाकतो
आणि एक हात
कोटाच्या आत घालून चाचपून बघतो.
नव्या बॅटऱ्या त्यानं पिशवीत ठेवू दिल्या नाहीत.
सदऱ्याच्या आत आहेत, कातडीला लागून,
वर पोचेपर्यंत
गारठू नयेत म्हणून.