उपयोग

रंगीत कागदावर सगळं छापलेलं होतं:
तेल गुडघ्यांना, कातडं पाकिटांना,
पिसं मोटारी पुसायला, मांस मोठ्या हॉटेलांना,
अंड्याचं कवच कोरून शोकेसमध्ये.
नखांचंसुद्धा काहीतरी होतं, आता आठवत नाही.

दादांनी पिठाच्या गिरणीमागे जाळी ठोकली.
धुळ्याहून टेम्पोत चार इमू आले, उभ्यानेच,
मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे
माना उंच करून बहादरपूर न्याहाळत.
सुपडाबाई दळण टाकून धावली,
"हाई काय शे वं माय? उंटनं पिल्लू?"

कागदावर नसलेले उपयोग गल्लीनेच शोधले.
माझी उंची त्यांच्या मानेला लावून मोजायची.
मादी रात्री गळ्यात ढोल वाजवायची;
हिलाल टेलर म्हणायचा,
झोप नाही तर नाही, शिलाई तरी होते.
त्या दिवाळीला सगळ्यांचे ब्लाउज वेळेवर मिळाले.

मग कंपनीचा फोन लागेना.
तीन पक्षी कुणीकुणी नेले.
एक नर उरला. त्याला गिऱ्हाईक नव्हतं,
दादांनी शोधलंही नाही.

थंडीत बामणोदची वांगी आली,
भरताची, हिरवी, ओंजळीत न मावणारी.
टोपलीतून एक घरंगळलं जाळीखाली.
सकाळी बघतो तर तो त्यावर बसलेला,
पाय दुमडून, दाणा-पाण्याकडे पाठ करून.

सगळे हसले. मीही.
दादा म्हणाले, यांच्यात बापच बसतो अंड्यावर,
आठ आठवडे, उपाशी. मादी निघून जाते.
आणि एकदम उठून त्यांनी पट्टा चढवला,
दळण नसताना गिरणी सुरू केली.

आई गेली तेव्हा मी अकरा महिन्यांची होते.
अजूनही त्या घरघरीशिवाय मला झोप लागत नाही.

गल्लीत तुरीच्या काड्यांवर भरीत भाजलं जायचं,
धूर जाळीतून आत शिरायचा,
तो हलायचा नाही.
वांगं मऊ पडलं की दादा रात्री
त्याच्या पोटाखाली हात घालून
गुपचूप ताजं ठेवायचे.
मला वाटायचं, मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

आठवा आठवडा सरला आणि तो उठला,
हाडांवर पिसांची गोधडी घातल्यासारखा.
वांग्याकडे पाहिलं. दादांकडे पाहिलं.
आणि खाऊन टाकलं.

देठ तेवढा राहिला.
दादांनी तो पुसून गिरणीच्या खिडकीत ठेवला.
याचा काय उपयोग, मी विचारलं.
म्हणाले, असू दे.