दोन-आठ

चाँदबी मणियार दर महिन्याच्या अकरा तारखेला यायची.
अंबाजोगाईत, सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर
आमची लॅब: एक पंखा, दोन खुर्च्या, एक फ्रिज.
बाही वर सारून कुठली शीर धरायची ते तीच सांगायची.
"ही नको. हिला मागल्या बारीला लई निळं झालतं."

तिच्या छातीत धातूची झडप.
लाइट गेली, पंखा थांबला, की ऐकू यायची,
काचेवर नख आपटावं तशी:
टिक्. टिक्.

झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं,
पण फार पातळ नको. अडीच ते साडेतीन,
डॉक्टरनं फाइलीवर लाल पेनानं लिहिलेलं.
मी आकडा वाचायचो, अर्थ ती लावायची.
दोन-सहा? "नवी नवरी. साबण लावून सरकवावं लागतं."
दोन-आठ? "भरल्या हाताची बाई. झकास."
एकदा एक-नऊ आला तर हसली:
"हे तर पोरीचं माप. मेथी खाल्ली रे सुईवाल्या, दोन दिवस.
सुनंनं केलती. नाही कसं म्हनू?"

मंडी बाजारातल्या तिच्या दुकानात
बायका डोळे मिटून हात पुढं करायच्या,
आणि डोळे उघडेपर्यंत काच हाडावरून उतरलेली असायची.

मार्गशीर्षात, जत्रेच्या गर्दीत, तिची दाढ ठणकली.
मेडिकलवाल्यानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या,
दुखायच्या वेगळ्या.
झडपेचं तिनं सांगितलं नाही.
त्यानं विचारलं नाही.
मग शटर उचलताना डोकं आपटलं.
टेंगूळसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती बांगड्यांना चमचे म्हणाली.
"हिरवे चमचे दाव की गं ताईला."
शाहीन, तिची सून, आधी हसली.
गिऱ्हाईकही हसलं.
मग चाँदबी ओकली,
आणि अख्ख्या खोक्यासकट खाली बसली.

नळी माझ्याकडं आली. सात-चार.
मशीन बिघडली असंल म्हणून पुन्हा लावलं.
सात-चार.
असं माप कुठल्या हाताला नसतं, चाँदबी.
भिंतीवर कॅलेंडर होतं. तारीख सात.
अकराला अजून चार दिवस होते.

सीटीची फिल्म मी उजेडाला धरली. माझं काम नव्हतं ते.
रक्त तिथं पांढरं दिसतं.
कवटीच्या आतल्या कडेनं, डाव्या बाजूला,
फुटक्या बांगडीचा तुकडा.

लातूरला न्यायचं ठरलं.
प्लाझ्माच्या पिशव्यांचा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन
मी अॅम्ब्युलन्समध्ये बसलो. मला कुणी बस म्हणालं नव्हतं.
रेणापूरपर्यंत मी एवढंच मागत होतो
की रक्त डोक्यात घट्ट होऊ दे
आणि झडपेपाशी नको.
शाहीन दुआ मागत होती. तिची तरी एकच असावी.
सायरनमुळं टिक् ऐकू येत नव्हतं.
मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसलो,
शिकलेला माणूस, पंधरा वर्षं लॅबमधला.

नंतरचं शाहीन सांगते ते एवढं:
कवटीला भोक पाडलं, नळी घातली.
पातळ करायची गोळी बंद ठेवली, किती दिवस ते
डॉक्टर रोज सकाळी एकमेकांना विचारायचे.

फेब्रुवारीत ती आली. अकरा तारखेलाच,
पण रिक्षातून, शाहीनच्या खांद्यावर.
उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.
कुठली शीर, ते बोलली नाही.
मीच शोधली. निळं होऊ नये म्हणून बराच वेळ दाबून धरली.

आकडा आला. मी मोठ्यानं वाचला, "दोन-आठ,"
आणि थांबलो.

तिनं डाव्या हातानं माझा हात ओढून घेतला.
पाची बोटं एकत्र केली,
अंगठ्याखालचं हाड चाचपलं, आत दाबून बघितलं.
"नाही," म्हणाली. "तुला... तुला तर..."
ओठ हलत राहिले.
शाहीन म्हणाली, "अम्मी, चला."

मी उठलो
आणि पंख्याचं बटण बंद केलं.