कुसळ

चार दिवस तिसोननं उजवा डोळा उघडला नाही.
तिसोन म्हणजे कोलीत. काळा, आणि कडेला थोडा लाल.
पाणी गळत राहिलं,
नाकाच्या बाजूनं केसांत एक ओली वाट पडली.
पंजानं डोळा चोळत बसायचा,
जेवण सोडून, मेंढ्या सोडून.

बाउदिलिओनं तपास हाती घेतला.
जन्मभर गुरं राखलेला माणूस;
त्याचं मत असं, की प्रत्येक दुखण्यामागे एक शेजारी असतो.

पहिला संशय ओलिवेरावर:
कुंपणापलीकडे त्यानं पेटवलेली झुडपं,
तीन दिवस धूर आमच्या अंगणात मुक्कामाला.
मग सुनेवर:
तिनं मोंतेविदेओहून आणलेला लव्हेंडरचा साबण.
"कुत्र्याला कुणी फुलांनी धुतं का?"
फियोरेला काही बोलली नाही, टॉवेल झटकत राहिली.
मग धूळ. मग ट्रकची खिडकी,
कारण तिसोन डोकं बाहेर काढून वारा पीत बसतो.
मग मांजर,
जी गेल्या हिवाळ्यातच मेली होती.

मी कॅमोमाइलचा काढा केला, गाळला, कोमट होऊ दिला.
जुन्या उशीच्या अभ्र्यानं डोळा पुसला.
पापणी उचलून पाहिली: लाल, नुसती लाल.
आणि आतल्या कोपऱ्यातून एक पांढुरका पडदा सरकत आला,
माझ्या तोंडावर दार लावल्यासारखा.

पाचव्या दिवशी ताकुआरेम्बो. सत्तर किलोमीटर, खिडक्या बंद.
तिसोनचं डोकं माझ्या मांडीवर,
झग्यावर ओला डाग पसरत जाणारा.

डॉक्टर निल्दानं आधी थेंब टाकले, बधिर करणारे.
मग नारिंगी कागदाची पट्टी डोळ्याला टेकवली,
दिवा घालवला,
आणि निळ्या टॉर्चखाली एक हिरवी रेघ उजळली,
बारीक, उभी, नखानं ओढावी तशी.
शेजारी दुसरी. तिच्याशेजारी तिसरी.
"आत बसून कुणीतरी लिहितंय," ती म्हणाली,
"दर उघडझापीला एक ओळ."

चिमट्यानं तिनं तो पांढुरका पडदा उलटा केला.
कुत्र्याला तिसरी पापणी असते,
हे मला साठाव्या वर्षी कळलं.
तिच्या मागे, घडीत दडून,
कुसळ.

आमच्याच माळावरच्या गवताचं. इकडे त्याला फ्लेचिया म्हणतात, छोटा बाण.
टोक पुढे, केस मागे वळलेले:
आत शिरायला मोकळीक, परत फिरायला मनाई.

बाउदिलिओनं ते तळहातावर घेतलं.
इतकं हलकं, की त्यानं श्वास धरून ठेवला.
"आलं कुठून?"
डॉक्टरनं त्याच्या पोंचोकडे पाहिलं.
"हा झोपतो कशावर?"

त्याच पोंचोवर.
रोज संध्याकाळी माळावरून आल्यावर
बाउदिलिओ तो काढतो, उंबऱ्याशी टाकतो,
आणि तिसोन त्यात तोंड खुपसतो,
धन्याच्या घामात, पार डोळ्यांपर्यंत.

परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही.
कुसळ-मुसळाचं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं,
गिळलं.
छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं येतंच.

रात्री तो दिव्याखाली पोंचो पसरून बसला,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
चिमटा माझा, भुवयांचा.
एकेक कुसळ बशीत.
त्रेसष्टपर्यंत मी मोजली, मग कंटाळले.
त्याचं माते गार झालं, त्यानं तसंच प्यायलं.

ओलिवेराला तो काही म्हणाला नाही. फियोरेलालाही नाही.
माफीचा शब्द त्याच्यात आत जातो, बाहेर येत नाही.
फक्त शनिवारी बाजारातून येताना
लव्हेंडरच्या साबणाच्या तीन वड्या आणल्या,
न्हाणीघरात ठेवल्या,
आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला,
"दुकानात दुसरा नव्हता."

तिसोनला दिवसातून चारदा मलम.
डोळा उघडतो आता, अर्धा.
पोंचो खुंटीवर गेलाय, उंच.
तो उंबऱ्याशी येतो, रिकामी फरशी हुंगतो,
दोन गिरक्या घेतो,
आणि तिथंच झोपतो.