उजवीकडे

केबल सुटली तेव्हा खट्ट वाजलं.
पिवळी मूठ दोनदा ओढायची असते, ओढली.
मग ती शांतता,
जिच्यासाठी मी बावन्नाव्या वर्षी
दर रविवारी कोथरूडहून हडपसरला येते
आणि घरी सांगते, तेवढाच व्यायाम होतो.

उंची तीनशे मीटर. साडेअकरा वाजलेले.
खाली कालवा, सासवड रस्त्यावर टेम्पोंचा खोळंबा,
ऊन परत वर फेकणारे पत्रे.
फुरसुंगीकडे घारी गोल फिरत होत्या,
म्हणजे तिथे हवा वर चढत होती.
कचऱ्याची का असेना, ऊब ती ऊब.

काचेवर एक चिलट चिकटलं होतं,
लोकरीच्या दोऱ्याच्या जरासं डावीकडे.
(दोरा माझ्याच अर्धवट स्वेटरचा, लाल.
वारा सरळ येतोय की तिरका, ते त्याच्याकडून कळतं.)
मनात म्हटलं, उतरल्यावर पुसायला हवं.

चिलटाला पंख फुटले.

कार्व्हालो सर फळ्यावर लिहायचे:
जे सरकतं ते बाजूने निघून जातं.
जे काचेवर जागचं हलत नाही,
नुसतं मोठं होत राहतं,
ते तुमच्याकडेच येतंय.
वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.
वही घरी होती, फ्रिजवर.

आता खरं सांगते.
माझा हात डावीकडे निघाला.
चौतीस वर्षं पुण्यात दुचाकी चालवलीय मी,
आधी लूना, मग काळी कायनेटिक, मग ही.
समोरून कुणी उलटा आला
की आपण डावीकडे दबतो, शिवी हासडतो, पुढे जातो.
हे डोक्यात नसतं, मनगटात असतं.

आकाशात मात्र समोरासमोर आलात
तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.
कुणी ठरवलं, आणि ठरवणारा स्वतः
रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालायचा, देव जाणे.

काठी बोटभर डावीकडे गेली.
बोटभरच.
मग कुणीतरी ती उजवीकडे लोटली.
कुणीतरी म्हणजे मीच, आत दुसरं होतं कोण,
पण त्या बाईशी माझी ओळख नव्हती.

क्षितिज उभं राहिलं.
मगरपट्ट्याच्या इमारती आडव्या झोपल्या.
आणि डाव्या हाताला, पोट दाखवत, तो.
इतका जवळ, की चाकाला चिकटलेलं वाळकं गवत दिसलं.
दुकानात मांजरपाट फाडतात ना एका झटक्यात,
तसा आवाज.

गेला.

खाली आल्यावर नाव कळलं: ओजस मुनोत, वय एकोणीस.
चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही
त्याची बशी वाजत होती.
"काकू, माझा हात आधी डावीकडे गेला," म्हणाला.
मी काहीच बोलले नाही.
हिशेब करत होते.

दोघं डावीकडे वळलो असतो, तरी वाचलो असतो.
दोघंही चुकून.
मेलो असतो ते फक्त
एकाने नियम पाळला असता
आणि दुसऱ्याने सवय, तर.
बत्तीस वर्षांचा संसार आहे माझा,
हे गणित मला नवीन नसायला हवं होतं.

फॉर्मवर रकाना होता, दोन विमानांतलं अंतर.
त्याने लिहिलं पन्नास मीटर. मी लिहिलं वीस.
सरांनी दोन्ही वाचले, चष्मा काढला,
खोडलं काहीच नाही.

हँगरमध्ये ढकलायच्या आधी
ओलं फडकं घेऊन काच पुसायला गेले.
दोऱ्याच्या जरासं डावीकडे
खरंच एक चिलट होतं. सुकलेलं.
फडकं हातात धरून
बराच वेळ उभी राहिले,
मोठं होतंय का बघत.