नखाखालचं हिरवं

मोखोत्लोंगच्या चढावर, काचघरात,
सकाळी सातला आम्ही अठरा बायका उभ्या राहतो
डोक्याला जाळी, हातात निळे मोजे.
योस्ट ओळीतून चालत सांगतो,
हाताएवढं पान दिसलं की काढा,
उजेड खाली उतरू द्या, वारा खेळू द्या,
अंधारातली फुलं पिसासारखी राहतात,
वजनाला भरत नाहीत.

मी खुडते.
सात बोटांचं पान, माझ्या हाताहून दोन बोटं जास्त.
देठ मोडताना टच् असा आवाज होतो,
आणि अठराजणींचा मिळून
पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसा.
या आवाजावर माझं घर चालतं:
पॅराफिन, मक्याचं पीठ,
लेबुसाचे शाळेचे बूट.

सेखोबेमामा हे ऐकून तोंड फिरवतो.
नदीच्या वळणावर, मक्याच्या ओळींत लपवून
त्यानं तीस वर्षं मातेक्वाने पिकवलं,
गाढवांवर लादून रात्रीची खिंड ओलांडली,
दोन वर्षं आत बसून आला.
आता तेच झाड
परवाना लावून काचेत उभं आहे,
आणि त्याची भाची त्याला सोलते.
म्हणतो, पान म्हणजे तिची चूल गं.
चूल विझवून भाकर भाजतेस होय?

मी योस्टला विचारलं.
तो हसला. म्हणाला, तुझा मामा खोटं बोलत नाही.
पण इथं झाडं खांद्याला खांदा लावून उभी,
इथं दमट, इथं बुरशी.
मग किती काढायची?
पाचातलं एक. मग आठवडाभर हात मागे.
फुलं भरू लागली की मालिनेओ,
तिच्याकडे नुसतं बघायचं.

त्या वर्षी मी घरामागं, दगडी कुडाच्या आडोशाला
मामाच्याच बियांची तीन झाडं लावली.
एक पार बोडकं केलं.
एकाची थोडी खुडली.
तिसऱ्याला हातच लावला नाही,
ते घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्यासारखं
गोल, गप्प, फुगत गेलं.

जानेवारीत गारा आल्या, कबुतराच्या अंड्याएवढ्या.
बोडक्याचा शेंडाच मोडला.
तिसऱ्याची पानं चिंध्या झाली,
पण चिंध्यांखाली फूल न् फूल शाबूत.
मामा दारात उभा राहून नुसता खाकरला.
ते खाकरणं मला कळलं.

मार्चमध्ये धुकं उतरलं, नऊ दिवस हललं नाही.
तिसऱ्याच्या पोटात हात घातला
तर बोटांना राखाडी लव लागली,
आतून सगळं भुसभुशीत.
ते मी मामासमोर धरलं.
त्यानं चिमटीत घेतलं, फुंकलं,
आणि म्हणाला, धुकं पूर्वी इतकं राहत नसे.

मधल्याचं विचाराल तर
ते गाढवानं खाल्लं.

संध्याकाळी राख लावून हात धुते.
चीक जातो, वास जात नाही,
नखाखालचं हिरवं तर मुळीच नाही.
पीठ मळताना लेबुसा नाक मुरडतो.
त्याला मी सांगत नाही
की दिवसभरात चांगलं पान कुठलं, नको ते कुठलं
हे मला एकदाही नक्की कळलेलं नसतं,
अंगठा पुढे जातो, मी त्याच्या मागून.

एक पान मात्र खुडावं लागत नाही.
अगदी खालचं, पिवळं पडलेलं.
बोट लागलं की हातात येतं,
आवाज होत नाही.
त्यातलं होतं नव्हतं ते झाडानं
आधीच वर नेलेलं असतं.

रविवारी मामाला उठवून बसवताना
त्याचा हात हातात घेतला.
तसाच हलका.

सोमवारी योस्ट म्हणाला, तुझी ओळ दाट झाली आहे,
आज किती काढशील?
मी म्हटलं, आधी बघते.